प्रधान होता की नव्हता

उद्धवराव कुंट्यांच्या घरात देव होते, घड्याळ होतं आणि एक वाद होता. देवांना रोज फुलं लागत, घड्याळाला आठवड्यातून एकदा किल्ली लागे. वादाला काहीच लागत नसे. तो चाळीस वर्षं आपोआप चालला.

वाद असा की, १९३४ साली पुण्याच्या इंद्रविहार थिएटरात उद्धवराव आणि त्यांच्या पत्नी मंजुळाबाई यांनी लग्नानंतर जो पहिला बोलपट पाहिला, त्यात प्रधान होता की नव्हता. उद्धवराव म्हणत, होता. मंजुळाबाई म्हणत, नव्हता.

बोलपटाचं नाव सांगून काही साधणार नाही. त्या काळी प्रत्येक बोलपटात एक राजा, एक राणी आणि अठरा-वीस गाणी असत. राजा पहिल्या तासात काहीतरी चूक करी आणि उरलेले दोन तास तिच्यावर गात बसे. या बोलपटातल्या राजानं कुणाचं तरी ऐकून राणीला माहेरी पाठवून दिलं होतं. मग एके संध्याकाळी तो महालात उभा राहून विचारतो, "सांग, मी चुकलो का?" आणि उत्तर येतं, "चुकलात, महाराज."

उद्धवरावांच्या मते हे उत्तर प्रधान देतो. पडद्याच्या डाव्या अंगाला तो हात बांधून उभा असतो. पांढरी दाढी, डोक्यावर राजापेक्षा मोठं पागोटं. मंजुळाबाईंच्या मते तिथं कुणीच नसतं. महाल रिकामा असतो आणि राजाचं मन बोलतं.

"मन बोलेल कशाला?" उद्धवराव म्हणत. "पडद्यावर नुकताच कुठं माणसांना आवाज फुटला होता. मनाचा नंबर यायला अजून दहा वर्षं होती."

"म्हणून तर तो राजा लक्षात राहिला," मंजुळाबाई म्हणत. "स्वतःच स्वतःला चुकलात म्हणणारा पुरुष मी तेवढा एकच पाहिला. तोही पडद्यावर."

यापुढं ताटात जे असेल ते उद्धवराव निमूट जेवत.

उद्धवराव चिंचवड स्टेशनवर मालाचे कारकून होते. पेरूच्या करंड्या आणि गुळाच्या ढेपा वजन करायच्या, चिठ्ठी लावायची आणि डब्यात कुठली कुठं ठेवायची ते हमालाला सांगायचं, हे त्यांचं काम. तीस वर्षांत त्यांच्या हातून एक करंडी भलत्या गावी गेली नाही, आणि ही गोष्ट ते ओळख झाल्यावर दहा मिनिटांच्या आत सांगत. अशा माणसाला 'तुम्ही भलतंच पाहिलंत' हे ऐकून घेणं जड जातं. त्यातून मंजुळाबाई ते चिडून म्हणत नसत, भाजी निवडता निवडता म्हणत. उद्धवराव चुकीची छत्री घेऊन आले, की दारातच आवाज येई, "चुकलात, महाराज." त्यांचा लेक सुरेंद्र हे ऐकतच मोठा झाला, इंजिनियर झाला, पिंपरीच्या एका कंपनीत लागला, आणि कंपनीच्या कॉलनीत सगळ्यांना घेऊन राहायला आल्यावर म्हणाला, "बाबा, हे आता लेबर कोर्टात द्या. आपल्याच्यानं मिटायचं नाही."

मिटलं मात्र. गेल्या भाद्रपदात मंजुळाबाई इस्पितळात होत्या. उद्धवराव खाटेशी स्टूल घेऊन बसलेले, आणि बोलायला दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी नेहमीचा विषय काढला. म्हटलं, चिडतील तर जरा तरतरी येईल.

"तरी प्रधान होता बरं का," ते म्हणाले.

मंजुळाबाईंनी डोळे उघडले. "असेल हो," त्या म्हणाल्या. "तिथून दिसला असेल." मग पाणी मागितलं.

उद्धवरावांना आनंद झाला. खोटं कशाला सांगा, झालाच. बाहेर जाऊन त्यांनी शेजारच्या रोग्याच्या भावाला, ओळखपाळख नसताना, 'आमच्या मंडळींनी अखेर मान्य केलं' असं सांगितलंसुद्धा. दोन दिवसांनी मंजुळाबाई गेल्या. आणि तेरावा उरकून पाहुणे पांगल्यावर उद्धवरावांच्या ध्यानात आलं, की आपण वाद जिंकलेला आहे आणि आता घरात बोलायला काही राहिलेलं नाही.

तेव्हापासून ते एक वाक्य त्यांना सोडीना. चाळीस वर्षं जी बाई एक तसू हटली नाही, ती 'असेल हो' का म्हणाली? थकून म्हणाली, की खरंच पटलं? आणि 'तिथून' म्हणजे कुठून? थकून म्हणाली असेल, तर तो विजय त्यांना नको होता. ज्या डब्याचा माल त्या डब्यात परत ठेवावा, तसा तो त्यांना परत करायचा होता. पण कसा, ते कळत नव्हतं.

माघात एका सकाळी सून नीलिमा वर्तमानपत्र घेऊन आली. "बाबा, तुमचं इंद्रविहार पाडतायत. दुकानांची इमारत होणार आहे म्हणे. शेवटचा आठवडा रोज चारला जुना बोलपट दाखवणार आहेत. थिएटर उघडलं त्या साली लागलेला." तिनं नाव वाचलं आणि ती थांबली. "हा तोच ना? प्रधानाचा?"

"प्रधानाचा कसला, राजाचा," सुरेंद्र बूट घालता घालता म्हणाला. "बाबा, जाऊन एकदाचा सोक्षमोक्ष लावा. मी आलो असतो, पण या आठवड्यात आमच्याकडे इन्स्पेक्शन आहे. नीलिमा, तू जातेस का?"

"मला चालेल," नीलिमा म्हणाली, पण तिचा हात पोळपाटावरच होता.

"नको," उद्धवराव म्हणाले. "मी एकटा जाईन. तिथं मी एकटाच बसायचो."

हे खरं होतं. नवराबायकोनं मिळून बोलपट पाहिला, असं आपलं म्हणायचं. इंद्रविहारमध्ये पुरुष खाली बसत आणि बायकांची गॅलरी वर उजव्या अंगाला होती. तिचा जिना वेगळा, दार वेगळं, आणि पुढं जाड पडदा. दिवे लागले की पडदा ओढलेला. दिवे गेले की सारलेला. म्हणजे खालच्या पुरुषाला वर मान करून आपली बायको कुठं बसली आहे ते पाहायची सोय नव्हती. पाहायचं नाही हीच तर सोय होती.

पहिल्याच दिवशी उद्धवरावांनी तिकिटाच्या खिडकीवर चौकशी करून मंजुळाबाईंसाठी खुर्ची निवडली होती. तिसरी ओळ, चौदा नंबर, खांबाच्या अगदी लगत. नाजूक करंडी ते नेहमी डब्याच्या भिंतीला टेकवून ठेवायला सांगत; एका बाजूनं तरी धक्का लागत नाही. शिवाय खांबाची खूण असली की माल सापडायला सोपा. मध्यंतरात बायकांच्या जिन्याच्या तळाशी आक्काबाई नावाची बाई उभी असे. तिच्याजवळ नंबर सांगून घरच्या माणसाला खायला-प्यायला वर पाठवता येई. उद्धवराव गोटीची लेमनची बाटली देऊन म्हणत, "चौदा नंबर."

"खांबापाशी बसतात त्याच ना?" आक्काबाई विचारी.

"त्याच," उद्धवराव म्हणत. आपला पत्ता किती पक्का आहे याचं त्यांना बरं वाटे.

असे ते पाच वर्षांत बारा वेळा गेले. बाराही वेळा चौदा नंबर. मग सुरेंद्र झाला, लढाई आली, स्टेशनवरचं काम वाढलं, आणि ते राहिलं. पुढं सत्तावन्न-अठ्ठावन्न साली एकदा दुसऱ्या एका थिएटरात दोघांना शेजारशेजारच्या खुर्च्या मिळाल्या. मंजुळाबाई थोडा वेळ पडद्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "तुम्ही इथंच बसणार?" दोघंही अवघडून गेले. पुन्हा गेले नाहीत.

गुरुवारी उद्धवरावांनी कोट घातला, टोपी घातली आणि चिंचवड स्टेशनवर आले. तीस वर्षं ज्या कट्ट्यावर त्यांचा काटा होता, तिथं आता कंपन्यांच्या लोखंडी पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या. फर्स्ट शिफ्ट सुटून गेलेली, सेकंड शिफ्टची माणसं आत गेलेली; मधल्या वेळेला स्टेशन कुणाचंच नसतं. खिडकीतल्या नव्या पोरगेल्या बाबूला त्यांनी "मी इथंच होतो" असं सांगितलं. "परत कधी यायचंय?" त्यानं विचारलं. उद्धवरावांना क्षणभर वाटलं, हा नोकरीवर बोलावतोय. तो परतीच्या तिकिटाचं विचारत होता.

इंद्रविहारचा दिमाख अजून दिसत होता, पण भाड्यानं आणलेल्या दागिन्यासारखा. दर्शनी भिंतीवर चुन्याच्या अप्सरा होत्या. एकीचा हात गेला होता आणि त्या हाताच्या जागी बल्ब लावला होता. जिन्यातला आरसा तेवढा शाबूत होता. बासष्ट सालचं कॅलेंडर कुणी काढलेलं नव्हतं. आणि गर्दी म्हणाल, तर प्रेक्षक मोजायला दोन हातांची बोटं पुरली असती, त्यातले निम्मे पावसात छप्पर मिळालं म्हणून शिरावेत तसे शिरलेले. पाऊस नव्हता एवढंच.

दारावर खाकी कोटातला एक साठीचा माणूस तिकिटं फाडत होता. उद्धवरावांनी त्याला खालचं तिकीट दाखवलं आणि वर बोट केलं. "मला तिथं बसायचंय. बायकांच्या गॅलरीत."

"वर कुणी जात न्हाई साहेब," तो म्हणाला. "पंधरा वर्सं झाली बंद हाय. मोडक्या खुर्च्या टाकल्यात. आन् वरनं धड दिसतंय कुठं? एवढं खाली मोकळं पडलंय, बसा की खुशाल."

"तिसरी ओळ, चौदा नंबर," उद्धवराव म्हणाले. "तेवढी एक मिळाली तर पाहा."

त्या माणसानं हातातलं तिकीट फाडायचं थांबवलं. "चौदा? खांबाच्या मागची?"

"खांबापाशची."

"पाशची न्हवं, मागची. आवो, ती जागा तर आमच्या घरात ठाऊक हाय. मी ज्योतीराम. आमची चुलती आक्काबाई हितं बायकांच्या जिन्यावर असायची, तिनंच मला हितं चिकटवला. ती सांगायची, चौदा नंबर फुकट दिली तरी कुणी बाई बसत नसायची. अर्धा पडदाच दिसत न्हाई तिथनं. तर एक रेल्वेवाला होता म्हणे. दर खेपेला येऊन तीच जागा मागून घ्यायचा. बायकोसाठी."

उद्धवरावांनी टोपी काढली, आत पाहिलं आणि परत घातली.

"मुद्दाम?" त्यांनी विचारलं.

"चुलती म्हणायची, वाईट चालीचा असंल. बायकोला शिनेमाला न्यायचं नाव तर व्हावं, पन तिनं बघू नये काय. असतात की असली मानसं."

"असतात," उद्धवराव म्हणाले.

"आन् बाई तरी कशी बघा. चुलती तिला म्हणायची, ताई, दहा-अकरा मोकळ्या हायत, तिकडं सरका. तर न्हाई म्हणायची. म्हणायची, त्यांनी हितली सांगितलीय, बाटली हितंच यायची. मी हलले तर त्यांची बाटली चुकंल." ज्योतीराम हसला. "लेमनची बाटली वो. त्यापायी अर्धा शिनेमा सोडायची."

उद्धवराव जिन्यातल्या आरशाकडे पाहत उभे राहिले. आरशात एक टोपीवाला म्हातारा होता. त्याच्या हातून तीस वर्षांत एक करंडी भलत्या गावी गेली नव्हती.

"मला वर सोडाच," ते म्हणाले.

ज्योतीरामनं त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि बायकांच्या जिन्याचं कुलूप उघडलं. वर धूळ होती, पाखरांची घाण होती, पडद्याच्या कड्या लोंबत होत्या. तिसऱ्या ओळीतल्या चार खुर्च्या शाबूत होत्या. ज्योतीरामनं आपल्या रुमालानं चौदा नंबर झटकली. "बेतानं बसा," एवढंच बोलून तो खाली गेला.

उद्धवराव बसले. समोर खांब होता. खालून तो त्यांनी बारा वेळा पाहिला होता, आणि त्याच्यावरचे चुन्यातले द्राक्षांचे घोस मंजुळाबाईंना जवळून पाहायला मिळत असतील असंही त्यांना तेव्हा वाटलं होतं. मिळत होते. द्राक्षांशिवाय डावीकडे दुसरं काही दिसतच नव्हतं. पडद्याचा उजवा भाग तेवढा खांबाच्या पलीकडे उभा होता, दार अर्धवट उघडं ठेवल्यासारखा.

दिवे गेले. फिल्म जुनी, तिच्यावर रेघांचा पाऊस. राजानं चूक केली, राणी माहेरी गेली, गाणी झाली. त्या काळी आवाज टिपायचं यंत्र नटांच्या डोक्यावर एका जागी टांगलेलं असे आणि नट जागचा हलला की आवाज जाई. म्हणून जो जिथं उभा राहिला, तो प्रसंग संपेपर्यंत तिथंच. हे उद्धवरावांनी पूर्वी कुठंतरी वाचलं होतं. त्याचा अर्थ त्यांना आज चौदा नंबरवर कळला. जो खांबाआड गेला तो गेलाच.

मग महाल आला. राजा एकटा उभा होता. मागं कमान, बाजूला समई, आणि सगळीकडे मोकळी फरशी. राजानं छातीवर हात ठेवला, आणि कुठंच न पाहता विचारलं, "सांग, मी चुकलो का?"

महालात कुणी नव्हतं. थोडा वेळ फिल्मची खरखर ऐकू आली. मग त्या रिकाम्या महालातून, राजाचे ओठ मिटलेले असताना, एक शांत म्हातारा आवाज आला.

"चुकलात, महाराज."

उद्धवरावांनी हा प्रसंग पाहिला होता, आणि चाळीस वर्षं शपथेवर सांगितला होता. पण त्यांनी जो पाहिला, त्यात दाढीवाला एक नोकर मालकाला चूक दाखवत होता. तसले नोकर पुष्कळ असतात, बढती मिळेपर्यंत. मंजुळाबाईंनी पाहिला तो बोलपट वेगळाच होता, आणि उद्धवरावांना कबूल करावं लागलं, की तो अधिक चांगला होता.

खांबाच्या कडेला पागोट्याचं एक टोक हललं की काय, असं वाटलं. शरीर वीतभर पलीकडे झुकवलं असतं, तर प्रधान दिसला असता. दाढी, हात, सगळा. शेजारची तेरा नंबर रिकामीच होती. उद्धवराव झुकले नाहीत. खांबाला खांदा लावून ते होते तसेच बसून राहिले, आणि राजाला पुढची तीन गाणी एकट्यानं म्हणू दिली.

मध्यंतरात दिवे लागले. जिन्यावर पावलं वाजली. ज्योतीराम वर आला. हातात लेमनची बाटली होती.

"चौदा नंबर?" त्यानं विचारलं.

उद्धवरावांनी बाटली घेतली. दोघांपैकी कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

"चुलती कायबाय बोलायची," ज्योतीराम खांबावरच्या द्राक्षांकडे बघत म्हणाला. "तिचं काय एवढं मनावर घेऊ नये."

"बरोबर बोलायची," उद्धवराव म्हणाले. "फक्त मुद्दाम नव्हतं."

"न्हाईच. ते कळतंय की."

"खालून तुम्ही हा रोज पाहताय," उद्धवराव म्हणाले. "या बोलपटात प्रधान आहे का हो?"

"हाय की. डावीकडं उभा असतोय, ह्या एवढ्या दाढीचा."

"नाही," उद्धवराव म्हणाले. "नाहीये."

शेवटच्या आठवड्यात गिऱ्हाइकाशी वाद घालू नये, असं ज्योतीरामला वाटलं असावं. "बरं," म्हणून तो जिना उतरला.

परतीच्या गाडीत उद्धवरावांनी तयारी केली. घरी गेल्यावर सुरेंद्र विचारणार. मग आपण नव्हता म्हणायचं. तो म्हणणार, अहो बाबा, चाळीस वर्षं तर तुम्ही होता म्हणत होतात. त्यावर आपण म्हणायचं, मी चुकलो होतो. त्यावर तो म्हणेल, मग आवाज कुणाचा? इथं राजाचं मन काढायचं. नीलिमा मध्ये पडेल, असं कुठं असतं का. तिला महाल सांगायचा, समई सांगायची, रिकामी फरशी सांगायची. आकुर्डीपर्यंत बोलणं पुरेल एवढा मजकूर होता. गाडी मात्र चिंचवडलाच थांबली आणि ते उतरले.

घरी पोचले तेव्हा नऊ वाजायचे होते. सुरेंद्र टीव्हीसमोर बसला होता. पडद्यावर एक गृहस्थ शेतीविषयी काहीतरी सांगत होते आणि त्यांचा अर्धा चेहरा मुंग्यांनी भरला होता.

"आलात बाबा? मग, लागला निकाल?"

"लागला," उद्धवराव कोट काढत म्हणाले.

"होता ना प्रधान?"

"नव्हता."

ते खुंटीपाशी थांबले. कोट हातातच होता. सुरेंद्रनं मान वळवून एकदा त्यांच्याकडे पाहिलं. दिवसभर इन्स्पेक्शन झालेला माणूस.

"नसेल," तो म्हणाला, आणि मुंग्या घालवायला उठला.

उद्धवराव तसेच उभे राहिले. एवढ्या सहज कुणी मान्य करावी अशी ती गोष्ट नव्हती.

"नव्हता म्हणजे नव्हताच," ते पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणाले.

"हो बाबा, नव्हता," नीलिमा स्वयंपाकघरातून म्हणाली. "हात धुऊन घ्या. आमटी निवतेय."